ताणला जाणारा विजेचा धागा: तार ताणायची नाही, तिला ढील द्यायची

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात वडगावला घरचे चार यंत्रमाग आहेत आणि डिप्लोमाच्या प्रकल्पासाठी गुडघ्याचा लवचिक पट्टा करायचा आहे. मांडीकडे बॅटरी आणि प्रोसेसर, पोटरीवर हालचाल मोजणारा सेन्सर, आणि दोघांना जोडणाऱ्या चार वाहक रेषा गुडघ्यावरून जाणार. चांदीचा मुलामा असलेला नायलॉनचा धागा इलॅस्टिकवर सरळ टाक्याने शिवला. पहिल्या दिवशी चालला, चौथ्या दिवशी अधूनमधून तुटू लागला, आणि एकदा धुतल्यावर मल्टिमीटरवर काहीच दिसेना. असा ताणला जाणारा धागा घरी बनवता येईल का, आणि साडीच्या काठाची जर त्यासाठी चालेल का?

बनवता येतो. जरीच्या बाबतीत मात्र तिची रचना उचलावी, जर स्वतः वापरू नये. कारण पुढे येईलच, पण आधी तुमचा धागा का मेला ते पाहू. दुसरा धागा त्याच कारणाने मरायला नको.

गुडघा पूर्ण वाकला की त्यावरची कातडी लांबीत सुमारे ३५ ते ४५ टक्के ताणली जाते. नायलॉनचा धागा त्यातला काही ताण सोसतो, पण त्यावरचा चांदीचा अतिपातळ थर चार-पाच टक्क्यांच्या पुढे तडकू लागतो. तडा आडवा जातो. सुरुवातीला तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या असतात, म्हणून धागा सैल असताना आकडा चांगला येतो आणि ताणला की उडतो. धुताना साबण आणि चोळणे त्या तड्यांतून चांदी उचकटते. त्यात टाका सरळ होता, म्हणजे धाग्याला वाकायला जागाच नव्हती, सगळा ताण त्याच्या लांबीवर आला. धागा वाईट नव्हता, त्याला दिलेले काम चुकीचे होते. न ताणल्या जाणाऱ्या कापडावर तोच धागा चांगला टिकतो.

म्हणून कोणताही घन धातू ताणायचा नाही. त्याची लांबी कायम ठेवून ती वेढ्यात, नागमोडीत किंवा सुरकुतीत साठवायची, आणि ताणल्यावर फक्त वेढे उघडतील असे करायचे. २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रातल्या रे बॉमन यांच्या गटाने ताणलेल्या रबराच्या गाभ्यावर कार्बन नॅनोट्यूबचे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे, पातळ पापुद्रे गुंडाळून गाभा सैल सोडला. पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या आणि तो धागा १००० टक्के ताणला तरी रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ५ टक्क्यांहून कमी बदलला. साहित्य प्रयोगशाळेतले, पण क्रम तुम्हाला घरी लागेल तोच: आधी गाभा ताणा, मग गुंडाळा, मग सोडा.

आता जर. सुताच्या किंवा रेशमाच्या गाभ्याभोवती चपटी केलेली धातूची तार मळसूत्रासारखी वेढलेली असते, म्हणजे रचना अगदी हवी तीच. पण काठावर दिसते ती प्रत्येक जर धातूची नसते. प्लास्टिक जर म्हणजे धातूचा मुलामा दिलेली पॉलिएस्टरची पट्टी, वर लाखेसारखा थर. मल्टिमीटरच्या टोकांनी दहा सेंटिमीटरवर धरली तर ती काहीच दाखवत नाही. तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली जर काही ओहम दाखवते. तिच्यावरही थर असेल तर टोक ब्लेडने हलके खरवडून मोजा.

धातूच्या जरीची खरी अडचण दुसरी आहे. तिची तार उघडी असते. सैल अवस्थेत शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात आणि वीज वेढ्यावेढ्याने न जाता सरळ उडी मारत जाते. ताणले की वेढे सुटतात आणि विजेला पूर्ण वाट चालावी लागते. रोध त्यामुळे एका चालीत कितीतरी पट खालीवर होतो, तोही दरवेळी वेगळा. शिवाय उघडे तांबे घामाने हिरवे पडते. म्हणून वेढायची तार एनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप, चढवलेली हवी, म्हणजे मोटार भरायला वापरतात तीच वायंडिंग वायर. वेढे टेकले तरी एनॅमल त्यांना वेगळे ठेवते आणि रोध ठरतो तो फक्त तारेच्या लांबीवर. लांबी बदलत नाही, म्हणून रोधही बदलत नाही.

सामान आणि हिशेब. गाभ्यासाठी मण्यांच्या बांगड्या ओवायचा ०.७ मि.मी. जाडीचा पॉलियुरेथेनचा इलॅस्टिक धागा घ्या. साधे रबर घेऊ नका, घाम आणि ऊन लागून ते काही महिन्यांत चिरते. तार ४४ गेजची, म्हणजे ०.०८ मि.मी. हिचा रोध मीटरला सुमारे ३.३ ओहम. गाभा अडीच पट ताणला की त्याची जाडी ०.४४ मि.मी. होते, आणि तारेच्या मध्यातून मोजले तर वेढ्याचा व्यास साधारण ०.५४ मि.मी. ताणलेल्या एका मीटरवर ८०० वेढे दिले तर लागणारी तार अशी काढा: वेढ्याचा परीघ गुणिले ८०० म्हणजे १.३६ मीटर. काटकोन त्रिकोणाची एक बाजू ही, दुसरी १ मीटर, कर्ण १.६९ मीटर. तेवढी तार.

गाभा सोडला की त्या मीटरचे ४० सेंटिमीटर व्हायला हवेत, पण तार अडवते, म्हणून ४५ च्या आसपास थांबतो. म्हणजे तयार धाग्याच्या एका मीटरमध्ये पावणेचार मीटर तार आणि सुमारे १२ ओहम रोध. तुमच्या पट्ट्यातला ताणला जाणारा भाग २० सेंटिमीटरचा धरला तर प्रत्येक रेषेला अडीच ओहम. हालचालीचा सेन्सर ५ मिलिअँपिअर घेत असेल तर जाऊन-येऊन २५ मिलिव्होल्ट पडतात, काही बिघडत नाही. प्रोसेसर मात्र बॅटरीजवळच ठेवला आहे तो तिथेच राहू द्या. ईएसपी३२ सारखा वायफायचा प्रोसेसर माहिती पाठवताना क्षणभर २५० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. ते ५ ओहममधून ओढले तर सव्वा व्होल्ट जातात आणि तो पुन्हापुन्हा रीसेट होत बसतो. कोड तपासण्यात आठवडा जाण्याआधी हा गुणाकार करा.

तीन मीटर धाग्याला सुमारे ११ मीटर तार लागते, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. मोटार भरणाऱ्याच्या रिळाच्या तळाशी उरलेली तारही पुरेल. पण ती कोणत्या एनॅमलची ते विचारा. पॉलियुरेथेनचे एनॅमल सोल्डरिंग इस्त्रीच्या ३८० ते ४०० अंशांना जळून निघते. मोटारीला बहुधा जास्त तापमान सोसणारी तार लागते. तिचे एनॅमल असे जळत नाही, बारीक पॉलिश पेपरने खरवडावे लागते, आणि ०.०८ मि.मी. तार खरवडताना निम्म्या वेळा तुटते.

वेढण्यासाठी पोकळ चाती करा. बाहेरून ८ मि.मी. असलेली पितळी नळी दोन ६०८ बेअरिंगमध्ये बसते, कारण त्या बेअरिंगचे भोक ८ मि.मी.चे असते. नळीवर तारेची बॉबिन घट्ट बसवा. गाभा नळीच्या आतून जाईल, नळी आणि बॉबिन एकत्र फिरतील, आणि नळीच्या तोंडाशी तार गाभ्यावर चढेल. चाती मिनिटाला ३०० फेरे घेत असेल आणि मीटरला ८०० वेढे हवे असतील, तर धागा मिनिटाला ३७५ मि.मी. पुढे सरकला पाहिजे. २० मि.मी. व्यासाचा ओढणारा रोलर त्यासाठी मिनिटाला ६ फेरे घेईल. मागचा, गाभा सोडणारा तसाच रोलर त्याच्या अडीच पट हळू, म्हणजे २.४ फेरे. दोन गिअर मोटारी आणि चातीची एक, बस्स. रोलर आणि बेअरिंगची घरटी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवर तासाभरात निघतील. दोन्ही रोलरवर रबराचा दाब रोलर हवाच. तो नसेल तर इलॅस्टिक घसरते, अडीच पट ताण कागदावरच राहतो, आणि सोडल्यावर धागा जेमतेम वीस टक्के ताणला जातो.

४४ गेजची तार साधारण ११० ग्रॅमच्या ओढीला तुटते. चालताना तिच्यावर १० ते १५ ग्रॅमपेक्षा जास्त ओढ नको. बॉबिनवर नमद्याचा तुकडा हलका टेकवा. कांडीवर सूत भरताना जी ओढ हाताला सवयीची आहे ती इथे कितीतरी जास्त होईल. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे तार गुळगुळीत गाभ्यावरून घसरते: एके ठिकाणी वेढ्यांची गर्दी, पुढे दोन मिलिमीटर मोकळे. त्यासाठी आधी गाभ्यावर टेक्श्चर केलेला, म्हणजे फुगीर, पॉलिएस्टर धागा विरळ वेढा, मग त्यावर तार. तिसरी, धागा सैल सोडला की गुंडाळून गाठी मारतो. हा एकाच दिशेच्या पिळाचा दोष. तारेवरून उलट्या दिशेने पॉलिएस्टरचा एक थर द्या, पीळ समतोल होतो आणि एनॅमलवर घासही बसत नाही.

या वरच्या थराला आणखी एक काम द्या. त्याचे वेढे कमी ठेवून असे बसवा की धागा ६० टक्के ताणला की पॉलिएस्टर आधी ताठ होईल. म्हणजे कोणी पट्टा ओढून चढवला तरी तार शेवटच्या टोकापर्यंत जाणार नाही. हा थांबा नसलेले धागे वापरताना क्वचितच मरतात, बहुतेक घालताना आणि काढताना मरतात.

तार किती बारीक असावी याचेही गणित आहे. धागा ताणला-सोडला की वेढ्याचा बाक थोडा बदलतो आणि तारेच्या पृष्ठभागावर त्या बदलाचा ताण येतो. हा ताण तारेच्या जाडीच्या प्रमाणात असतो. म्हणून ४४ गेजच्या एका तारेपेक्षा ४७ गेजच्या, म्हणजे ०.०५ मि.मी.च्या, दोन तारा शेजारी वेढलेल्या जास्त टिकतात. रोध मीटरला १६ ओहमच्या आसपास जाईल, चालेल. एक तुटली तरी दुसरी रेषा जिवंत ठेवते. पण ती ४५ ग्रॅमला तुटते, तेव्हा हात ४४ वर बसवा आणि अखेरचा धागा ४७ चा करा.

एवढे यंत्र करायचे नसेल तर एक आडवाट आहे. स्पीकर दुरुस्त करणाऱ्यांकडे कोनाला जोडायची मऊ लीड तार मिळते. सुताच्या गाभ्यावर तांब्याची पातळ पट्टी वेढलेली, म्हणजे जरीचीच बहीण. ती लाखो वेळा वाकायलाच बनवलेली असते, पण ताणली जात नाही. ती इलॅस्टिक पट्टीवर नागमोडी ठेवा आणि पिको मशीनच्या झिगझॅगने वरून साध्या धाग्याने बांधा. नागमोड ४ मि.मी. रुंद आणि ३ मि.मी.ला एक पूर्ण वळण असेल तर ३ मि.मी. पट्टीत साडेआठ मि.मी. तार बसते. कागदावर ती पावणेतीन पट ताणेल, प्रत्यक्षात ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. तोटा असा की ही तार उघडी आहे, चार रेषा रुंद बसतात आणि घामापासून वेगळे संरक्षण द्यावे लागते.

वेढलेला धागा पट्टीवर बसवतानाही पिकोच वापरा. सुई धाग्याच्या दोन्ही बाजूंना पडली पाहिजे, धाग्यातून नाही. गोल टोकाची, बॉलपॉइंट ७५/११ सुई घ्या. एकदा एनॅमल टोचले गेले की दोष लगेच दिसत नाही, घाम आल्यावर दिसतो. दोन रेषांमध्ये किमान ६ मि.मी. अंतर ठेवा. मागावर बाण्यातून हा धागा घालायचा विचार असेल तर धोट्यातून सुटताना त्यावरची ओढ दर फेकीला बदलते, म्हणून कापड आखडते. ताण्यात घालायचा असेल आणि मागावर विजेवर चालणारा ताणा-थांबा (ताण्याचा धागा तुटला की माग थांबवणारा) असेल तर उघडी धातूची तार त्याच्या पट्टीला टेकून माग उगाच थांबवेल. या प्रकल्पाला विणण्यापेक्षा तयार पट्टीवर बांधणेच बरे.

आता सांधा. इथे घाई करू नका, कारण चांगला धागा असूनही पट्टे इथेच बंद पडतात. मऊ, ताणला जाणारा धागा जिथे कडक सोल्डरला भेटतो, तिथे सगळा ताण एका रेषेवर येतो आणि तार बरोबर सोल्डरच्या काठावर तुटते. म्हणून धागा ताणला जाणे सांध्याच्या आधीच संपवा. शेवटचे ३ सेंटिमीटर पट्टीखाली बकरम (कॉलरला लावतात ते ताठ कापड) लावून तो भाग न ताणणारा करा. बकरमची आतली कड सरळ न कापता दातेरी कापा, म्हणजे मऊ ते कडक हा बदल एका रेषेत न होता सेंटिमीटरभर पसरतो. इलॅस्टिकचा गाभा तिथे शिवून पक्का करा, ओढ त्याने घ्यायची. मग तार गाभ्यावरून सोडवून ५-६ मि.मी.चा सैल लूप ठेवा आणि छोट्या सर्किट पट्टीवर सोल्डर करा. सोल्डर पट्टीच्या भोकाजवळच थांबवा, तारेवरून पुढे चढू देऊ नका. वरून न्यूट्रल जातीचे सिलिकॉन. सिरक्याचा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडते आणि तांबे खाते. दुकानात टोपण उघडून वास घ्या. सुटे करायचे जोड पितळी टिच बटणांचे करा, म्हणजे धुण्याआधी सेन्सर आणि बॅटरी काढता येतील.

आपल्याकडे जुलैत कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, खानापूरकडे तर त्याहून जास्त. दमटपणा, घामातले मीठ आणि चालू असलेला डीसी दाब एकत्र आले की उघड्या सांध्यांवर धातू एका बाजूने झिजतो आणि दुसरीकडे वाढतो. चांदी यात सर्वांत वाईट, तिचे बारीक कोंब वाढून दोन रेषा जोडल्या जातात. म्हणून सेन्सरला वीज नेणारा ३.३ व्होल्टचा आणि ती परत आणणारा ग्राउंडचा सांधा शेजारी ठेवू नका, मधे दोन सिग्नल रेषा घ्या, आणि पट्टा ओला असताना बॅटरी लावू नका. धुताना कोमट पाणी, लोकरीच्या कपड्यांचा सौम्य द्रव साबण, ब्लीच अजिबात नाही. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा आणि आडवा वाळवा. लिथियम बॅटरीला संरक्षण सर्किट असले तरी गुडघ्यावरून जाणाऱ्या विजेच्या रेषेत, तिच्या बॅटरीकडच्या टोकाशीच, २०० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज (जास्त प्रवाहाने तापला की वाट अडवणारा, गार झाल्यावर पुन्हा जोडणारा फ्यूज) लावा; प्रोसेसरच्या वाटेत नको. शॉर्ट झाला तर तापणारी तार कातडीला लागून असते.

सेन्सरच्या बाजूला १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर हवेत. आय-स्क्वेअर-सी, म्हणजे सेन्सर आणि प्रोसेसर दोन सिग्नल रेषांवरून बोलतात ती पद्धत, १०० किलोहर्ट्झवर ठेवा, आणि त्या रेषा वर ओढून धरणारे पुल-अप रोध ४.७ किलोओहमचे.

द्रव धातूबद्दल कुणीतरी सांगेलच. ७५.५ टक्के गॅलियम आणि २४.५ टक्के इंडियम यांचे मिश्रण १५.५ अंशांना वितळते, आणि ते पोकळ लवचिक नळीत भरून खरोखर ताणला जाणारा धातू मिळतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात २०१३ साली असे तंतू झाले. अर्धा मि.मी. आतल्या व्यासाच्या नळीत मीटरला दीड ओहम, पण दुप्पट ताणले की चौपट, कारण लांबी वाढते आणि छेद घटतो. तोंड बंद करणे फार कठीण, गळाले तर त्याच्या स्पर्शाने ॲल्युमिनियम ठिसूळ होते, आणि तांब्याच्या टोकालाही हा द्रव हळूहळू खातो. पहिल्या पट्ट्यासाठी नको. कार्बन मिसळलेली रबरी दोरी सेंटिमीटरला दीडशे ओहमच्या आसपास असते. ती वाहक म्हणून निरुपयोगी, वाक मोजायला चालते, पण सोडल्यावर मूळ आकड्यावर यायला मिनिट-दोन मिनिटे घेते. वाक मोजायचे काम तुमच्या हालचालीच्या सेन्सरकडेच ठेवा.

शेवटी चाचणी. अडीच ओहम साध्या मल्टिमीटरने मोजू नका, त्याच्या वायरींचाच अर्धा ओहम असतो. एलएम३१७ या रेग्युलेटर चिपला १२ ओहमचा रोध लावून सुमारे १०४ मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह धाग्यातून सोडा आणि धाग्यावरचे मिलिव्होल्ट वेगळ्या दोन टोकांनी मोजा. २० सेंटिमीटरला २६० च्या आसपास यायला हवेत. मग १५ सेंटिमीटरचा तुकडा मिनिटाला ६० फेऱ्यांच्या गिअर मोटारीला ३० मि.मी. त्रिज्येच्या क्रँकने जोडा. ६० मि.मी.ची ओढ म्हणजे ४० टक्के ताण. १०,००० वेळा ओढायला पावणेतीन तास लागतात. पण दिवसाला दहा हजार पावले चालणाऱ्याचा एक गुडघा ५,००० वेळा वाकतो, म्हणजे ही चाचणी दोन दिवसांचीच झाली, जरी चालताना ताण इतका नसतो. एक लाख वेळा ओढा, २८ तास. तुकडा सांध्यासकट लावा, नुसता धागा नाही. दर सेकंदाला शंभर वेळा नोंद घ्या, कारण तुटायला आलेली तार आधी एखाद्या क्षणापुरतीच सुटते आणि सरासरी आकड्यात ते लपून जाते. रोध मूळच्या १० टक्क्यांहून जास्त वाढला किंवा एकदाही क्षणभर सुटला, तर तुकडा काढून भिंगाखाली तुटलेली जागा शोधा. तुटणे सोल्डरपासून ५ मि.मी.च्या आत असेल तर सांधा पुन्हा करा. धाग्याच्या मधोमध असेल तर तार बारीक करा.